लाळेचं काम

“कॉफी प्यायलास?” हेन्ड्रिकनं विचारलं.

“नाही.”

“चूळ भरलीस?”

“भरली.”

“मग घाल तोंडात.”

बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा मी तोंडात घातला, जिभेवर फिरवून ओला केला आणि समोरच्या जुन्या तैलचित्राच्या तुकड्यावर हलकेच लोळवला. घासायचा नसतो, लोळवायचा असतो. बोळा काळाकुट्ट झाला आणि त्याच्याखाली वाटाण्याएवढं आभाळ निळं दिसायला लागलं. शेजारच्या तुकड्यावर लोटेही तेच करत होती. तिचं आभाळ मात्र अजून गढूळच होतं.

हेन्ड्रिकनं भिंगातून दोन्ही तुकडे पाहिले. “लोटे, तुझी लाळ आळशी आहे. जयची बघ.”

“जयच्या तोंडात ॲसिड आहे,” लोटे म्हणाली. “बोलतो तेव्हा कळतंच की.”

हसू नका. जुन्या चित्रांवरची काजळी काढायला लाळेसारखं दुसरं काही नाही आणि मोठमोठ्या संग्रहालयांत माणसं हेच करतात. लाळ कोमट असते, तिच्यात मळ सुटा करणारी द्रव्यं असतात, आणि खालच्या रंगाला ती सहसा धक्का लावत नाही. एकदा चित्राला लागलेला बोळा पुन्हा तोंडात घालायचा नाही, फेकायचा आणि नवा घ्यायचा, एवढं एक पथ्य. भारतात मी जुन्या चित्रांच्या जतनाचा अभ्यासक्रम केला, तेव्हा आमच्या सरांनी पुस्तकातलं हे पान ‘हे तुम्ही घरी वाचा’ म्हणून ओलांडलं होतं. थुंकीचा विषय भर वर्गात कोण काढणार!

या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं झाली. हॉलंडमधल्या एका संग्रहालयात मी इंटर्न होतो. नाव सांगत नाही, त्यांची जाहिरात करायची मला हौस नाही. दरसाल दोन विद्यार्थी घेत, एक तिथला आणि एक बाहेरचा. तिथली लोटे, बाहेरचा मी, नाशिकचा जयवंत सोनवणे. जयवंत म्हणताना त्यांची जीभ वळेना म्हणून मी जय झालो होतो. जतन विभागाचा प्रमुख हेन्ड्रिक हा उंच, वाकलेला, सज्जन माणूस होता. सज्जन म्हणतोय ते आजही खोटं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

दोघांपैकी एकाला इंटर्नशिप संपल्यावर तिथंच नोकरी मिळणार होती. ती कुणाला, हे हेन्ड्रिकनं पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून टाकलं होतं. वसंतात पूजेतल्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं, त्यातलं मधल्या भिंतीवरचं चित्र जो साफ करून उभं करेल, त्याला. आणि त्या लाळेच्या परीक्षेनंतर ते चित्र माझ्याकडे आलं.

चित्र आपल्याकडचंच होतं. कृष्णाकाठच्या एका जहागीरदार घराण्याच्या देवघरातली कुलस्वामिनी, कॅनव्हासवर तैलरंगात, आठ हातांची, पायाशी हात जोडून उभा पगडीवाला मूळपुरुष. शंभरावर वर्षांची निरांजनं आणि उदबत्त्या तिच्या अंगावर बसल्या होत्या. देवीचे डोळे तेवढे दिसत, बाकी सगळा कोळसा. घराण्यानं ते प्रदर्शनापुरतं उसनं दिलं होतं आणि बदल्यात संग्रहालयानं ते साफ करून द्यायचं, असं ठरलं होतं.

काम नजरेत न भरणाऱ्या कडेपासून सुरू करायचं असतं, म्हणून मी खालून, पायांपासून सुरुवात केली. रोज सकाळी चूळ भरायची, तोंडात बोळा, चित्रावर बोळा, बादलीत बोळा. दुपारपर्यंत जीभ सुकून पापड व्हायची. पण आधी जोडवी निघाली, मग पैंजण, मग आळत्याचा लाल रंग. इतका ताजा लाल, की बाई आत्ताच आळता लावून उठली असावी. मी देव मानत नाही. तरीही ते पाय निघाले त्या दिवशी मी लोटेला हाताला धरून ओढत आणलं होतं. असा आनंद मला त्या कामात पुन्हा झाला नाही.

मग वसुधाताई आल्या.

वसुधाताई जहागीरदार म्हणजे त्या घराण्याच्या सूनबाई. चित्राची मालकी ज्या ट्रस्टकडे होती त्याच्या विश्वस्त. साठीच्या, आखूड केसांच्या, सुती साडीवर जाड कोट घातलेल्या. आपलं चित्र कुठे, कसं टांगतात ते पाहायला प्रदर्शनापर्यंत मुक्कामाला आल्या होत्या. प्रयोगशाळेच्या दारातच त्यांनी मला विचारलं, “तुम्ही मराठी का हो?” मी हो म्हणताच त्यांनी पिशवीतून भाजणीच्या चकल्यांचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. त्या थंड देशात मराठी ऐकून माझे कान निवले, हे कबूल करायला हवं.

“दाखवा बघू आमच्या देवीला काय केलंत ते.”

मी बोळा तोंडात घातला आणि देवीच्या टाचेजवळ टेकवला. वसुधाताईंचा हात तोंडाशी गेला.

“अगबाई! थुंकी लावताय?”

हेन्ड्रिक धावलाच. त्यानं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. वसुधाताईंनी भिंग डोळ्याला लावून पैंजण पाहिले, आळता पाहिला. बराच वेळ त्या वाकूनच होत्या.

“लग्न होऊन आले तेव्हापासून मी हिला रोज नमस्कार करते,” त्या म्हणाल्या, “पण हिचे पाय आज पाहतेय.” डोळे पुसून त्या हसल्या. “थुंकी तर थुंकी. आई नाही का लेकराचं तोंड पदराला थुंकी लावून पुसत? कर बाबा तू, कर.”

तुम्हीवरून तू झालं होतं. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, चला, जग बदललं.

दुपारी त्यांनी मला कँटीनमध्ये स्वतःबरोबर जेवायला बसवलं. दशम्या आणि लसणाची चटणी त्यांनी घरून आणली होती. वाढता वाढता नेहमीची चौकशी सुरू झाली.

“सोनवणे म्हणालास ना? कुठले सोनवणे?”

“निफाडकडचे.”

“हो का! निफाडचे एक सोनवणे सासऱ्यांच्या चांगले ओळखीचे होते. मोठी द्राक्षबाग होती बघ त्यांची. त्यांच्यातले का तुम्ही?”

“नाही. त्यांच्या बागेत आमच्या आजीनं खुडणी केली असेल.”

त्या हसल्या. “मग कुलदैवत कोणतं तुमचं?”

आता इथे माणसाला दोन वाटा असतात. एक म्हणजे काहीतरी पुटपुटून चटणी मागायची. ती वाट मला येत नाही, वडिलांनी शिकवलीच नाही. “कुलदैवत नाही,” मी म्हटलं. “आजोबा छप्पन्न साली नागपूरला जाऊन बौद्ध झाले.”

वसुधाताईंचा हात दशमीवर क्षणभर थांबला. मग त्या अगदी भरभरून बोलू लागल्या. “अरे वा! किती कौतुकाची गोष्ट आहे. बाबासाहेबांनी केवढं मोठं काम करून ठेवलंय. आमच्याकडे असलं काही नाही हं. मुलाच्या मुंजीत सगळे होते पंगतीला, अगदी सगळे.” एवढं बोलून त्यांनी मला आणखी एक दशमी वाढली. मी ती खाल्ली.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. एस.टी.च्या वर्कशॉपात जन्म गेलेला माणूस, त्यांना माझ्या कामाचं भारी अप्रूप. मी सगळं सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला.

“म्हंजे जहागीरदाराच्या देवीला तुझी थुंकी?”

“हो.”

“आरं, माझ्या आज्याच्या आज्याला रस्त्यावर थुंकायची चोरी व्हती म्हणत्यात. गळ्यात गाडगं बांधून हिंडायचं. आन् तुला थुंकायचं पैसं देत्यात?” पुन्हा हसू. मग एकदम थांबून म्हणाले, “तिनं इचारलं का, कुठले म्हनून?”

“विचारलं. सांगितलं.”

“मंग?”

“मग काही नाही. दशमी वाढली.”

“बरं,” म्हणाले, “जेवन बरं व्हतं ना?” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधाताई दारातून म्हणाल्या, “नमस्कार सोनवणे, बरे आहात ना?” तू पुन्हा तुम्ही झालं होतं. परक्या देशात माणूस अशा बारीकसारीक गोष्टींकडे काणाडोळा करतो. मीही केला.

दोन दिवसांनी हेन्ड्रिकनं मला त्याच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं आणि बसायला सांगितलं.

“एक नाजूक गोष्ट आहे,” तो म्हणाला. “वसुधांनी विनंती केलीय. पूजेतल्या चित्राला लाळ लावणं त्यांच्या परंपरेत बसत नाही. त्या दिवशी आमच्या आग्रहाखातर त्या हो म्हणाल्या, पण मनातून त्यांना त्रास होतोय. तुला कळेल ते. तू तिथलाच आहेस.”

आणि ऐका माझा शहाणपणा. मला ते पटलं! मीच त्याला उष्टं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माझी आई आमटीची चव बघितलेला चमचा पुन्हा पातेल्यात घालत नाही, देवाच्या नैवेद्याची तर चवही आधी बघत नाहीत, हे सगळं. आमच्या घरात देव नाहीत, पण उष्टं आहे. हेन्ड्रिक मन लावून ऐकत होता. “हे फार मोलाचं आहे,” तो म्हणाला. “हे आम्हाला बाहेरच्यांना कुठून कळणार?”

“कृत्रिम लाळ करता येते,” मीच सुचवलं. “पाणी आणि क्षार वापरून. जरा वेळ जास्त लागेल. मी आजच तयार करतो.”

“कर,” तो म्हणाला. मग त्यानं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. “आणि जय, ते द्रावण लोटेला वापरून शिकू दे. तुझं लाळेचं काम शिकून झालंय. तू थोडे दिवस तळघरातल्या चौकटींचं बघ.”

“चित्र माझं आहे ना पण?”

“अर्थात. थोडेच दिवस.”

मी द्रावण तयार केलं, गाळलं, बाटलीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली आणि लोटेच्या टेबलावर ठेवून तळघरात गेलो. तिथे जुन्या लाकडी चौकटींवरची धूळ मऊ ब्रशनं झाडायची होती. खरं सांगायचं तर ते काम झाडूवाल्यालाही जमलं असतं. पण देवीचा मान राखला गेला, आणि तो माझ्या सल्ल्यानं राखला गेला, या समाधानात मी धूळ झाडत राहिलो. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

आठवडाभरानं ब्रश झिजला म्हणून नवा आणायला वर गेलो. प्रयोगशाळेचं दार काचेचं होतं. आत लोटे देवीच्या पायाशी वाकून बसली होती. मी केलेली बाटली खिडकीत होती, झाकण सीलबंद. लोटेनं काडी उचलली, बोळा तोंडात घातला, गालातल्या गालात फिरवला आणि चित्रावर टेकवला.

मी दार ढकलणार एवढ्यात मागून वसुधाताई आल्या. हातात चहाचा पेला होता.

“अहो सोनवणे! दिसलाच नाहीत इतक्यात.”

“ताई, ती लाळ लावतेय.”

त्यांनी काचेतून पाहिलं. “हो. ते बाटलीतलं काही खरं नाही असं हेन्ड्रिक म्हणाले. वेळेत व्हायचं नाही त्यानं.”

“तुमची हरकत लाळेला होती ना?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खरं तर त्या मजल्यावर मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला आणि मऊ झाला. मुलाला इंजेक्शन देताना आई बोलते तसा.

“हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. मला स्वतःला काहीच नाही रे. मी तुझ्याबरोबर जेवले की नाही? पण घरी सासूबाई आहेत, नव्वदीच्या.”

“त्यांना कोण सांगणार होतं?”

“त्यांना नाही कळलं तरी देवीला कळतंच ना.”

“आणि ही? हिचं देवीला चालतं?”

“लोटे?” वसुधाताईंना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. “अरे, ती परकी. तिला कुठली आलीय जात?”

त्यांनी माझ्या दंडावर हलकेच थोपटलं, कोटाच्या बाहीवरून, आणि चहा घेऊन आत गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. रागानं माझे कान तापले होते, आणि रागाहून जास्त मला स्वतःची लाज वाटत होती. ती कशाची, हे मला आजही धड सांगता येत नाही. लाज वाटायला हवी होती ती दुसऱ्याला. पण ती आमच्याच वाट्याला यावी अशी रीत आहे.

मी हेन्ड्रिकच्या खोलीत गेलो. दार वाजवलं नाही.

“त्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं? त्यांच्याच शब्दांत सांगा.”

त्यानं चष्मा काढला. तो काय ते समजला होता. “त्या म्हणाल्या, देवीच्या जवळ कुणी जायचं याचे काही नियम असतात. काही समाज जातात, काही जात नाहीत. त्यांना तुझ्याबद्दल आदर आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.”

“आणि मला तुम्ही लाळेचं सांगितलंत.”

“तुला दुखवायचं नव्हतं.”

“याला आमच्याकडे जात म्हणतात, हेन्ड्रिक. कायद्यानं गुन्हा आहे हा.”

“तुमच्याकडे असेल,” तो हळूच म्हणाला. “मी वाचलंय थोडंफार. पण जय, आमचा इतिहास तुला ठाऊक आहे. शंभर-दोनशे वर्षं आम्ही तुमच्या देवांना हात लावताना कुणाला विचारलं नाही. आता आम्ही विचारतो. आणि विचारल्यावर मालक जे सांगतील ते ऐकलं पाहिजे ना? तुमच्या परंपरेत मी निवाडा करणारा कोण?”

“मीसुद्धा तिथलाच आहे ना? मला का नाही विचारलंत?”

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यानं खरं कारण सांगितलं, तेही पडेल आवाजात. “त्या चित्र परत नेतील. मधली भिंत रिकामी राहील.”

“आणि नोकरी?”

“ज्याचं चित्र...” एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, “मी तुला फार चांगलं शिफारसपत्र देईन.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, परक्याला काय बोल लावायचा, असं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं. आज तसं म्हणणार नाही. ओठ आमचे होते, पण चावायला जागा त्यानं करून दिली. लोटेला ती नोकरी लागली, पुढे ती त्याच विभागाची प्रमुख झाली. मी नाशिकला परतलो, लोकांच्या घरातल्या आजोबांच्या तसबिरी दुरुस्त करतो. पोट भरतं.

पण त्या दिवशी एक गोष्ट राहिली होती. माझं भिंग आणि ॲप्रन वर प्रयोगशाळेत होते, ते घ्यायला मी आत गेलो. वसुधाताई चहाचा पेला ठेवायला बाहेर पडल्या होत्या. लोटे एकटीच होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

“जय! बरं झालं आलास. जरा बघ ना, माझं काय चुकतंय?”

ती देवीच्या पायांवरच काम करत होती. जोडवी, पैंजण, आळता, मी महिनाभर खपून काढलेला तोच भाग. तिच्या शेजारच्या बादलीत बोळ्यांचा ढीग पडला होता. मी वाकून पाहिलं. सगळे बोळे पांढरेशुभ्र होते.

“काहीच निघत नाहीये,” लोटे म्हणाली. “तू इतकं छान साफ केलं होतंस. मी वर चेहऱ्याकडे जायचं म्हणत होते, पण वसुधा म्हणाल्या की आधी पाय पुन्हा एकदा करून घे, मगच वर जा. स्वच्छ भागावर पुन्हा पुन्हा बोळा फिरवला तर रंगच निघेल ना? त्यांना नेमकं काय काढून हवंय, मला कळतच नाही.”

मी तिला सांगितलं. साध्या इंग्रजीत, तीन-चार वाक्यांत. त्यांना काय काढून हवंय आणि ते कुणाचं आहे.

लोटेनं हातातली काडी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले. “हे भयंकर आहे,” ती म्हणाली. “हे मी करणार नाही, जय. मी आत्ता हेन्ड्रिकला सांगते.” तिनं माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला, भिंग आणि ॲप्रन उचलला आणि बाहेर पडलो.

जिन्याशी वसुधाताई भेटल्या. “निघालात का?” असं हसून म्हणत त्या आत गेल्या. मी काचेतून पाहत उभा राहिलो. त्या लोटेच्या शेजारी स्टुलावर बसल्या, तिचे डोळे पाहून काहीतरी म्हणाल्या, आणि पिशवीतल्या डब्यातली चकली काढून तिच्यापुढे धरली. लोटेनं मान हलवली, नको म्हणाली. तिनं दाराकडे एकदा पाहिलं, पण मी तिला दिसलो नसेन. मग तिनं पेल्यातल्या पाण्यानं चूळ भरली, नवी काडी घेतली, तिच्यावर कापूस गुंडाळला आणि तोंडात घातला.